टेस्टिंगच्या फोनवर बिल्ड टाकताना लगेच अनइन्स्टॉल करू नका

ॲपच्या टेस्टिंगमध्ये नवीन लागलं की पहिल्याच आठवड्यात हातात दोन-तीन फोन, एक केबल आणि एपीके फाईलची, म्हणजे ॲन्ड्रॉइड ॲप ज्यातून इन्स्टॉल होतं त्या फाईलची, लिंक येते, आणि कोणीतरी जाता जाता सांगतं की बिल्ड (ॲपची नवीन तयार झालेली प्रत) टाक आणि सुरू कर. कसं टाकायचं हे मी इकडून तिकडून विचारत शिकले, म्हणून ॲन्ड्रॉइडपुरतं तरी सगळं एका जागी लिहितेय.

आधी फोनच्या सेटिंगमध्ये अबाउट फोनमध्ये जाऊन बिल्ड नंबरवर 7 वेळा टॅप करायचं, मग डेव्हलपर ऑप्शन्स दिसतात, तिथे यूएसबी डीबगिंग चालू करायचं, म्हणजे केबलवरून लॅपटॉपला फोनशी बोलता येतं. केबल लावली की लॅपटॉपवर 'एडीबी डिव्हाइसेस' ही कमांड द्यायची, एडीबी म्हणजे लॅपटॉपवरून फोनला कमांड देणारं टूल. फोनच्या सिरीयल नंबरपुढे 'डिव्हाइस' असं आलं तर सगळं ठीक. 'अनऑथराइज्ड' आलं तर बहुतेक वेळा फोन लॉक असतो, आणि ह्या कॉम्प्युटरला परवानगी द्यायची का असं विचारणारी खिडकी लॉकच्या मागे अडकलेली असते, फोन उघडा आणि अलाउ करा. यादीत काहीच दिसत नसेल तर आधी केबल बदलून बघा, काही केबलींमधून फक्त चार्जिंग होतं, डेटा जातच नाही, आणि फोन चार्ज होताना दिसतो म्हणून केबलवर कोणाचा संशय जात नाही. माझी एक अख्खी दुपार यात गेलीय. काही कंपन्यांच्या फोनवर डीबगिंगशिवाय 'इन्स्टॉल व्हाया यूएसबी' असं वेगळं बटण असतं, ते बंद असेल तर 'युझर रिस्ट्रिक्टेड' अशी एरर येते.

एकापेक्षा जास्त फोन लावलेले असतील तर बिल्ड टाकणारी नुसती 'एडीबी इन्स्टॉल' ही कमांड चालत नाही, कुठल्या फोनवर टाकायचं हे तिला कळत नाही, एडीबीच्या पुढे डॅश एस आणि त्या फोनचा सिरीयल नंबर द्यावा लागतो. मी प्रत्येक फोनच्या पाठीवर सिरीयल नंबरचे शेवटचे चार आकडे लिहून चिकटवलेत. इन्स्टॉल झाल्यावर 'सक्सेस' हा शब्द दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर जुन्याच बिल्डवर टेस्टिंग होतं आणि सुधारलेला बग परत नोंदवला जातो.

आता मुख्य गोष्ट. इन्स्टॉल फेल झालं की नवीन मुलं पहिलं काय करतात, तर जुनं ॲप काढून टाकतात. मीपण तेच करायचे. एका कंपनीत आमचं छोट्या दुकानदारांसाठी उधारीच्या हिशेबाचं ॲप होतं, मी दर बिल्डला जुनं काढून नवीन टाकत होते आणि सगळं छान चालत होतं. रिलीज झालं आणि जुन्या ग्राहकांच्या फोनवर ॲप उघडल्या उघडल्या बंद पडायला लागलं. डेव्हलपरने डेटाबेसच्या टेबलमध्ये एक कॉलम वाढवला होता आणि जुना डेटा नवीन टेबलात नेणारा कोड लिहायचा राहिला होता, आणि माझ्या फोनवर जुना डेटा कधी नव्हताच, कारण अनइन्स्टॉल केलं की तो पुसला जातो. दुकानदार काही ॲप काढून परत टाकत नाही, त्याच्याकडे अपडेट येतं. एका काकांचा सपोर्टला फोन आला होता, गिऱ्हाईक समोर उभं आहे आणि वहीच उघडत नाही म्हणून, ते रेकॉर्डिंग ऐकून मला खूप वाईट वाटलं.

तेव्हापासून मी आधी बाजारात असलेलं व्हर्जन टाकते, त्यात दहा-वीस नोंदी करते, आणि मग इन्स्टॉलच्या पुढे डॅश आर देऊन त्याच्यावरच नवीन बिल्ड टाकते, म्हणजे डेटा तसाच राहतो. कोरं इन्स्टॉल नंतर, दुसऱ्या फोनवर.

यात 'अपडेट इनकम्पॅटिबल' ही एरर हमखास भेटते. तिचा अर्थ दोन बिल्डची सही, म्हणजे बिल्ड कोणाचं आहे ते दाखवणारी डिजिटल खूण, वेगळी आहे. ही सही एका कीने होते, आणि डीबग बिल्डला (डेव्हलपर तपासणीसाठी बनवतो त्याला) प्रत्येक डेव्हलपरच्या मशीनवरची स्वतःची की लागते, त्यामुळे एकाच्या बिल्डवर दुसऱ्याचं बसत नाही. अशा वेळी डेव्हलपरकडे रिलीजच्याच कीने साइन केलेलं बिल्ड मागा, मागायला लाजू नका. 'व्हर्जन डाउनग्रेड' आलं तर तुम्ही नव्यावर जुनं टाकताय, बहुतेक वेळा चुकीची फाईल उचललेली असते. आणि कोणी एपीकेऐवजी एएबी (ॲन्ड्रॉइड ॲप बंडल) फाईल पाठवली तर ती थेट बसत नाही, ऑगस्ट 2021 पासून प्ले स्टोअरवर नवीन ॲप त्याच प्रकारात द्यावं लागतं पण फोनवर टाकायला बंडलटूल नावाच्या गूगलच्या टूलने त्याचे एपीके करून घ्यावे लागतात.

अनइन्स्टॉल करावंच लागलं तर आधी लॉगकॅट (फोनमध्ये काय काय घडलं त्याची नोंद) एका फाईलमध्ये सेव्ह करा आणि स्क्रीनचा फोटो काढा. त्या फोनवर एखादा क्रॅश अडकून बसलेला असेल, तर डेटा गेल्यावर तो क्रॅश परत तसाच आणायला दोन-दोन दिवस लागतात.