पालवे पोसताना या चुका टाळा

कोल्हापुरात बकरी म्हणजे मेंढरंच, शेळी वेगळी. पूर्वी बकरी पावसाळ्यात जत-आटपाडीच्या कोरड्या माळाला जायची आणि ऊसतोड लागली की परतायची. आता बरेच जण बाजारातून तीन महिन्यांचे पालवे, म्हणजे वाढीची कोकरं, आणून गोठ्यातच वजनावर आणतात. माळावरचं किंवा टाकाऊ ते खायला घालायचं, म्हणजे वेडी बाभळीच्या शेंगा, भाताचं पिंजर, उसाचं वाढं. बेत चांगला आहे, पण घात होतो तो खायला घालण्याच्या पद्धतीत.

पहिली चूक माझीच. बाजारातून आणलेली हडकुळी पोरं बघून कणव आली आणि संध्याकाळी घमेलंभर मक्याचा भरडा पुढं ओतला. सकाळी दोन पालवे पडलेले. दात करकर वाजत होते, डाव्या कुशीला हात लावला तर पाण्याची पिशवी दाबल्यागत लागत होतं, लेंडी पातळ आणि आंबूस. पिष्ट एकदम गेलं की पोटात आम्ल होतं, त्यातलाच प्रकार. एक दुपारपर्यंत गेला. आता मूठभर, म्हणजे ५० ग्रॅमपासून सुरू करतो आणि दोन आठवड्यांत हळूहळू वाढवतो. आंत्रविषाराची लस मात्र खुराक वाढवायच्या आधीच टोचून घेतो. नव्या खुराकावर सगळ्यात गुबगुबीत पालवाच आधी मरतो तो या रोगानं.

दुसरी चूक दिसत नाही, म्हणून जास्त वाईट. गाईचं खनिज मिश्रण घरात असतंच, तेच चिमूटभर मेंढरांनाही टाकलं जातं. त्यात तांबं असतं, आणि मेंढराच्या यकृतात ते साठत राहतं. कित्येक आठवडे काही कळत नाही. मग एके दिवशी डोळे पिवळे, लघवी कॉफीसारखी, आणि जनावर हातचं जातं. कोंबडखत खाऊ घालणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. मिश्रण घ्यायचं ते मेंढ्यांचंच.

शेंगा अख्ख्या टाकू नका. गर पचतो, पण कठीण बी लेंडीतून जसंच्या तसं बाहेर पडतं. प्रथिनं वाया जातात आणि रानात बाभळी उगवतात ते वेगळंच. कडक वाळवून भरडा, ओल्या शेंगा गिरणीत चिकटून बसतात. खुराकाच्या पाचव्या हिश्श्यावर जाऊ नका.

पिंजरावर युरियाची प्रक्रिया करायची तर १०० किलोला ४ किलो युरिया, सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. २१ दिवस हवाबंद. उघडल्यावर वासानं डोळ्यांतून पाणी येतं, तेव्हा लगेच पुढं टाकू नका, तासभर पसरून ठेवा. दूध नुकतंच तुटलेल्या कोकरांना देऊच नका.

वाढं स्वस्त, पण नुसत्या वाढ्यावर अंगाला मांस धरत नाही. त्यातलं ऑक्झलेट नावाचं द्रव्य कॅल्शियम अंगाला लागू देत नाही. जोडीला पेंड लागतेच.

दर पंधरवड्याला वजन करा. तोच काटा, तीच वेळ, सकाळी खायच्या आधी. दिवसाला १०० ग्रॅम धरले तर दीड किलो वाढायला हवं. नसेल वाढलं तर खुराक बदलायच्या आधी जंताचं औषध कधी दिलं होतं ते आठवा.