विसरभोळेपणा आणि रक्ताचे रिपोर्ट: या चुका टाळा

मे महिन्यात पारोळ्याहून एक मुलगा शर्टाच्या खिशात रक्ताची ट्यूब घालून एसटीने जळगावला माझ्या लॅबमध्ये आला. "भाऊ, आमना जिभाऊले काहीच याद ऱ्हात नही. मेंदूची एन्झाइम तपासा."

ट्यूब फिरवून पाहिली. वरचं सीरम (रक्ताची गाठ बसल्यावर वर सुटणारं पाणी) पिवळसर हवं, ते गुलाबी. उन्हात, धक्क्यांत तांबड्या पेशी फुटलेल्या. 'मेंदूची एन्झाइम' म्हणून जी तपासायला सांगतात, ती एसओडी, कॅटॅलेज ही पेशींना झिजेपासून वाचवणारी एन्झाइम त्या तांबड्या पेशींतच भरलेली असतात. पेशी फुटल्या की सीरममधला आकडा उगाच फुगतो. नमुना थंड डब्यातून आणा, पण थेट बर्फाला टेकवू नका. गोठलं तरी पेशी फुटतातच.

बरं, नमुना चोख असला तरी एसओडी कमी-जास्त आला म्हणून अल्झायमर ठरत नाही. शुगर, तंबाखू, वय, सगळ्यांनी तो आकडा हलतो. त्या आजाराच्या जवळ जाणारी तपासणी पी-टाऊ २१७ची. ते प्रथिन आहे, पण एन्झाइम नाही. त्यावर आधारलेल्या एका तपासणीला अमेरिकेत २०२५ मध्ये मान्यता मिळाली, तीही ठरावीक वयापुढच्या, लक्षणं दिसणाऱ्यांसाठीच.

तपासण्यांचं महागडं पॅकेज घेण्याआधी बी-१२ आणि थायरॉइड बघा. यांच्या कमतरतेनेही माणूस विसरतो, आणि त्यावर औषध आहे. इथे लोक हमखास एक घोळ घालतात: आधी बी-१२ची सुई टोचून घेतात, मग तपासायला येतात. आकडा छान दिसणारच.

आता विसरभोळेपणावर उपाय म्हणून सांगितली जाणारी ती 'शरीरातला धातू काढणारी' सलाईन. अल्झायमरच्या मेंदूतल्या गाठींत तांबं, जस्त, लोह साचलेलं सापडतं, हे खरं. पण धातू ओढून काढला की आठवण परत येते, असं झालं नाही. लोह बांधणाऱ्या डेफेरिप्रोनच्या चाचणीचा निकाल २०२४ मध्ये आला; औषध घेणाऱ्यांची बुद्धी उलट जास्त वेगाने घसरली. ईडीटीए या धातू बांधणाऱ्या औषधाच्या चुकीच्या सलाईनने कॅल्शियम कोसळून जीवही गेले आहेत. (आणि ॲल्युमिनियमची पातेली भंगारात घालायची घाई नको. त्यांच्यामुळे अल्झायमर होतो हे सिद्ध झालेलं नाही.)

जिभाऊंना मी लॅबमध्येच बोलावलं. "मन्हा डोकाले काय व्हयेल शे?" म्हणत त्यांनी बाही वर केली. बी-१२ बराच कमी निघाला. इंजेक्शनं सुरू झालीत. न्यूरॉलॉजिस्टची तारीख पुढच्या महिन्यात आहे.