आयबीएमचा मूळ फोर्ट्रान जी कंपायलर घरच्या संगणकावर कसा चालवावा

फोर्ट्रान ही प्रोग्रॅमिंगची भाषा १९५७ साली जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएम ७०४ या यंत्रासाठी घडवली. पुढे आयबीएमच्याच सिस्टिम/३६० या मोठ्या संगणकांच्या मालिकेसाठी आलेला फोर्ट्रान जी कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, आजही आपल्या लॅपटॉपवर चालतो, आणि तोही मूळचा. एमुलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम, फक्त यंत्र उभं करतो, त्यावर चालणारा कंपायलर त्याच काळातला असतो.

त्यासाठी ‘टीके४-’ हा तयार संच उतरवून घ्या. त्यात हर्क्युलीस हा एमुलेटर आणि एमव्हीएस ३.८जे ही ऑपरेटिंग सिस्टिम दोन्ही येतात. हर्क्युलीस रॉजर बाउलर यांनी १९९९ मध्ये सुरू केला. संच एका फोल्डरमध्ये उलगडून ‘एमव्हीएस’ नावाची स्क्रिप्ट चालवा आणि प्रणाली पूर्ण उभी राहीपर्यंत थांबा. ३२७० टर्मिनल एमुलेटर (आयबीएमच्या जुन्या पडदा-कीबोर्डची नक्कल) पोर्ट ३२७० ला जोडलात की लॉगऑनचा पडदा येतो. वापरकर्ता एचईआरसी०१ (HERC01), पासवर्ड सीयूएल८टीआर (CUL8TR).

आता साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये जॉब, म्हणजे यंत्राला द्यायच्या कामाची फाइल, लिहा. सगळी अक्षरं कॅपिटल हवीत आणि टॅब कुठेही नको. पहिल्या ओळीत जॉबचं नाव, क्लास ए, मेसेजक्लास ए, वापरकर्ता आणि पासवर्ड. ही ओळ ७१व्या स्तंभापलीकडे जात असेल तर स्वल्पविरामापाशी तोडा. दुसऱ्या ओळीत एक्झेक (EXEC) आणि एफओआरटीजीसीएलजी (FORTGCLG) हे प्रोसिजरचं, म्हणजे तयार आज्ञासंचाचं, नाव. त्यातली शेवटची तीन अक्षरं म्हणजे कंपाइल, लिंक आणि गो. तिसऱ्या ओळीत फोर्ट.सिसइन (FORT.SYSIN), डीडी (DD) आणि तारा (*). या तिन्ही ओळींच्या सुरुवातीला // लागतं. त्याखाली प्रोग्रॅम आणि शेवटी /* ची ओळ.

प्रोग्रॅममध्ये स्तंभांची शिस्त कडक आहे, कारण प्रत्येक ओळ म्हणजे ८० रकान्यांचं एक पंचकार्ड. लेबल १ ते ५ मध्ये, ओळ पुढे चालू असल्याची खूण ६व्यात, विधान ७ ते ७२ मध्ये. त्यापुढचं कंपायलर वाचतच नाही.

फाइल नेटकॅट या नेटवर्कवरून मजकूर पाठवणाऱ्या साधनाने पोर्ट ३५०५ वर पाठवा. तिथे कार्ड रीडर बसलेला असतो. निकाल ‘पीआरटी’ फोल्डरातल्या पीआरटी००ई या फाइलमध्ये उमटतो. उत्तराकडे धावण्याआधी तिन्ही पायऱ्यांचे कंडिशन कोड पाहा. ०००० म्हणजे ठीक. आयईवायने (IEY) सुरू होणारे संदेश कंपायलरचे.

खरी गंमत छपाईत आहे. आय३ (तीन रकान्यांत पूर्णांक) या फॉरमॅटने १२५ छापून बघा: नव्या पानावर नुसते २५ दिसतात! ओळीतलं पहिलं अक्षर छापलं जात नाही, ते प्रिंटरला कागद किती सरकवायचा ते सांगतं. रिकामी जागा म्हणजे एक ओळ, ० म्हणजे दोन, १ म्हणजे नवं पान. म्हणून फॉरमॅटच्या सुरुवातीला १एक्स (एक रिकामी जागा) घालायची सवय लावून घ्या.

दुसरा प्रयोग जरूर करा. एन मध्ये १ ठेवून आय ५ पासून एन पर्यंत जाणारं डू लूप, म्हणजे तीच विधानं पुन्हा पुन्हा चालवणारी रचना, लिहा. फोर्ट्रान ७७ पासून पुढे असं लूप एकदाही चालत नाही, इथे मात्र एकदा चालतंच, कारण मर्यादा शेवटी तपासली जाते. जुन्या प्रोग्रॅमांची उत्तरं आजच्या कंपायलरवर का बदलतात, ते असं करून पाहिल्यावर जितकं कळतं तितकं वाचून कळत नाही.

काम झालं की खिडकी थेट बंद करू नका. टीएसओच्या (लॉगऑननंतर आज्ञा घेणाऱ्या भागाच्या) रेडी या सूचनेपुढे शटडाउन आज्ञा द्या, लगेच लॉगऑफ करा आणि हर्क्युलीस आपोआप थांबू द्या.