जामगेटचं धुकं पुसू नका: पावसाळी फोटो काढण्यापासून एडिटिंगपर्यंत

दर श्रावणात माझ्याकडे जामगेटचे, म्हणजे इंदूर-महूजवळच्या घाटातल्या जुन्या दरवाज्याचे, फोटो येतात. शेजारची मुलं, भाचे, मंडळातले लोक, सगळे पाठवतात आणि विचारतात, "काका, जरा बघा ना, काहीतरी चुकतंय." चुकलेलं बहुतेक वेळा एकच असतं. आभाळ पाटीसारखं काळंनिळं, झाडांच्या कडेने पांढरी रेघ, आणि खाली निमाडची दरी इतकी लख्ख की मे महिन्यातली वाटावी. विचारलं की कळतं, कुठल्यातरी व्हिडिओत सांगितलं होतं: हायलाइट्स (उजळ भाग) उणे शंभर, शॅडोज (गडद भाग) अधिक शंभर, वर डीहेझ (धुकं काढणारा स्लायडर) चाळीस. हा सल्ला आपल्या पावसाळ्याला लागू होत नाही. म्हणून मी कसं करतो ते एकदा सविस्तर लिहून ठेवतो. निम्मं काम घाटावर होतं, निम्मं लॅपटॉपवर, आणि खरी अडचण लॅपटॉपवरच्या एकाच पायरीत आहे.

निघण्याआधी

बॅटरी, कार्ड, ट्रायपॉड हे सांगायला नको. ऑगस्टमध्ये इंदूरला सूर्य सहाच्या आसपास उगवतो, तेव्हा सव्वाचारला घर सोडा. महूवरून मंडलेश्वरचा रस्ता धरायचा. रविवार टाळा. पोहे-जिलबी परतताना.

एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. गाडीत एसी लावून गेलात तर लेन्स गार झालेली असते, आणि घाटावरच्या दमट हवेत बाहेर काढली की तिच्यावर वाफ धरते. ती पुसत बसलात की धुक्याची चांगली दहा मिनिटं हातची जातात. महू सोडलं की एसी बंद करा, काचा उघडा, कॅमेऱ्याच्या बॅगेची चेन थोडी मोकळी ठेवा.

घाटावर

जामगेट हा अहिल्याबाईंनी १७९१ मध्ये बांधलेला दरवाजा. माळव्याचं पठार इथे संपतं आणि विंध्याचा कडा खाली निमाडात उतरतो. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, महेश्वर दीडशेच्या आसपास. नर्मदेच्या बाजूने येणारी ओली हवा या कड्यावर चढते, चढताना थंड होते आणि तिचं धुकं होतं. म्हणून ते आभाळातून खाली न येता दरीतून वर येतं. दरवाज्याच्या कमानीतून ते आत शिरताना बघायचं असेल तर पोचल्या पोचल्या फोटो काढू नका, एका जागी उभे राहा. पडदा दर काही मिनिटांनी फाटतो, दरीतला एखादा हिरवा तुकडा दिसतो आणि पुन्हा मिटतो. फोटो त्या फाटण्याचा असतो.

पावसाळ्यात सूर्य ईशान्येला उगवतो आणि दरी दक्षिणेला आहे. त्यामुळे दरीकडे तोंड केलं की उजेड डाव्या खांद्यामागून येतो आणि सूर्य चौकटीत येत नाही. हिवाळ्यात तो आग्नेयेला सरकतो, तेव्हा हाच कोपरा अवघड होतो.

कॅमेरा रॉवर (प्रक्रिया न केलेली कच्ची नोंद) ठेवा, आयएसओ १००, एफ/८. धुक्यात ऑटोफोकस भरकटतो, तेव्हा जवळच्या झाडाच्या खोडावर किंवा कमानीच्या कडेवर फोकस धरा आणि मग मॅन्युअलवर टाका. ट्रायपॉडवर असताना लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद करा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा.

एक्स्पोजरबाबत एवढं लक्षात ठेवा की कॅमेऱ्याचा मीटर समोरच्या दृश्याला मध्यम राखाडी समजतो. धुकं त्याहून उजळ असतं, म्हणून कॅमेरा ते मळकं करून देतो. मी अधिक दोन-तृतीयांश स्टॉपवर (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) सुरुवात करतो आणि हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ असा उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला न टेकता जितका उजवीकडे जाईल तितका नेतो. मागच्या पडद्यावर फोटो फिका दिसेल, दिसू द्या. तो पडदा जेपेग दाखवतो, आणि जेपेगमध्ये एका रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १४ बिटच्या रॉमध्ये त्या १६,३८४ असतात. घरी आल्यावर लागणार आहेत त्या या.

तीन वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो काढून नंतर जोडा, असंही सांगतात. मांडूला रूपमती मंडपावरून संध्याकाळी फोटो काढताना ते ठीक आहे, जामला नाही. धुकं चालत असतं. तीन फोटोंत ते तीन जागी असतं, आणि जोडल्यावर दरीत दुहेरी, भुतासारखे पुंजके दिसतात. एकच रॉ, नीट उघडलेला, पुरतो.

हे सगळं तिंछा आणि पातालपाणीच्या धबधब्यांनाही लागू आहे, पण तिथे पाण्यात ट्रायपॉड रोवू नका. पातालपाणीला २०११ साली वरून अचानक लोंढा आला आणि प्रवाहात उभी असलेली माणसं वाहून गेली. वर पाऊस झालेला खाली उभ्या माणसाला दिसत नाही.

लॅपटॉपवर: सोप्या गोष्टी आधी

मी डार्कटेबल हे रॉ फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर वापरतो. ते २००९ पासून आहे, फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. लाइटरूम हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर असेल तरी हरकत नाही, विचार तोच राहतो.

लॅपटॉपचा ब्राइटनेस निम्म्याच्या खाली आणा, नाहीतर प्रिंट काळी येईल. क्षितिज सरळ करा. लेन्स करेक्शन चालू करा. व्हाइट बॅलन्ससाठी धुक्यावर पिकर (फोटोतला एखादा भाग रंगहीन धरायला लावणारी खूण) टेकवू नका. तो धुक्यातली पहाटेची निळसर झाक काढून टाकतो आणि उरते राख. डेलाइट निवडा, ५५०० केल्विनच्या आसपास ठेवा आणि डोळ्याला पटेल इतकंच इकडे-तिकडे करा. टोन मॅपिंगसाठी, म्हणजे रॉमधला उजेड पडद्यावर मावेल असा बसवण्यासाठी, सिग्मॉइड हे मॉड्यूल घ्या, ते ४.२ आवृत्तीपासून आहे आणि धुक्याला सौम्यपणे हाताळतं.

मग एक्स्पोजर. इथे आभाळाकडे बघायचंच नाही. कमान, गवत, ओला दगड हे जसे होते तसे दिसेपर्यंत स्लायडर हलवा. आभाळ फिकट झालं तरी चालेल. हे पक्कं झाल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण पुढची पायरी याच आकड्यावर उभी आहे. एक्स्पोजर नंतर बदललंत तर पुढचं सगळं सरकतं.

टोन इक्वलायझर: इथे मी दोन पावसाळे अडकलो

आभाळ थोडं खाली आणायचं आणि जमीन थोडी वर, यासाठी डार्कटेबलमधलं टोन इक्वलायझर हे मॉड्यूल. त्यात उणे आठपासून शून्य ईव्हीपर्यंत (एक ईव्ही म्हणजे एक स्टॉप) नऊ बिंदू असतात, म्हणजे गडदपासून उजळापर्यंतचे नऊ टप्पे. बिंदू वर ओढला की त्या टप्प्याचा भाग उजळतो, खाली ओढला की गडद होतो. ऐकायला सोपं आहे. मी आभाळाचा बिंदू खाली ओढायचो, तर दरीही खाली जायची, कमानही, गवतही. वैतागून अजून ओढायचो, मग शेजारचा बिंदू उलट दिशेला ओढायचो, आणि शेवटी झाडांभोवती खडूने काढल्यासारखी रेघ यायची.

असा एक फोटो मी मोठा करून भिंतीवर लावला होता. माझी आत्या महूची. लहानपणी ती त्या रस्त्याने मंडलेश्वरला जायची. तिने फोटो बघितला आणि विचारलं, "हे कुठलं?" म्हटलं, जामगेट, श्रावणातलं. ती म्हणाली, "छे रे. श्रावणात जामला समोरचा माणूस दिसत नाही. इतकं कोरडं कुठे असतं ते?" मी तो फोटो त्याच संध्याकाळी उतरवला आणि रॉ पुन्हा उघडली.

चूक बिंदू ओढण्यात नव्हतीच. हे मॉड्यूल आधी फोटोचा एक राखाडी मास्क, म्हणजे उजेडाचा नकाशा, बनवतं आणि त्या मास्कवरून ठरवतं की कुठला भाग कुठल्या टप्प्यात बसतो. धुक्याच्या फोटोत उजेडाचा पसारा मुळात अरुंद असतो. आभाळ, दरी, गवत हे सगळं दोन टप्प्यांत दाटीवाटीने बसलेलं. एक बिंदू हलवला की सगळं हलणारच. उन्हाच्या फोटोवर शिकवणाऱ्या लोकांना ही अडचण येत नाही, म्हणून ते याबद्दल बोलत नाहीत.

तेव्हा बिंदूंना हात लावण्याआधी मास्किंग नावाच्या टॅबवर जा. तिथे मास्कमधला उजेड कुठपासून कुठपर्यंत पसरला आहे ते दाखवणारी एक पट्टी असते. धुक्याच्या फोटोत ती आखूड असते. मास्क एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनच्या शेजारची जादूच्या कांडीची खूण दाबा, पट्टी मधे येईल. मग मास्क कॉन्ट्रास्ट कॉम्पेन्सेशनची कांडी दाबा, पट्टी पसरेल. पसरताना ती थोडी सरकते, म्हणून दोन्ही पुन्हा एकदा दाबा. धुकं दाट असेल तर मला तीन-चार फेऱ्या लागतात, कधी कांडीने भागत नाही आणि कॉन्ट्रास्टचा स्लायडर हाताने वाढवावा लागतो. पट्टी नऊ बिंदूंपैकी सहा-सात तरी व्यापेल तेव्हा थांबा. फोटोत अजून काहीच बदललेलं नसेल, आणि तसंच असायला हवं. आपण फक्त जागा मोकळी केली.

आता मास्क प्रत्यक्ष दाखवण्याचं बटण दाबा आणि नीट बघा. आभाळ एक सलग फिकट पट्टा दिसायला हवं, झाड एक सलग गडद आकार. झाडाचं पान न् पान वेगळं दिसत असेल तर मास्क फार बारीक झाला आहे. तसा ठेवलात तर फोटो सपाट, निर्जीव होतो. तेव्हा स्मूदिंग डायमीटर वाढवा. उलट झाडाची कड विरघळून आभाळात मिसळली असेल तर पांढरी रेघ येणार हे नक्की. तेव्हा फेदरिंग वाढवा, म्हणजे मास्क कडेला धरून राहतो. दोन्ही एकदम हलवू नका. एक हलवा, मास्क बघा, मग दुसरा.

मास्क मनासारखा झाला की ॲडव्हान्स्ड टॅबवर या. बिंदू ओढायची गरजच नाही. कर्सर फोटोतल्या आभाळावर न्या आणि माउसचं चाक खाली फिरवा. मग कमानीखालच्या गवतावर न्या, वर फिरवा. मी आभाळ पाऊण स्टॉप खाली आणतो, जमीन अर्धा स्टॉप वर. दोन्ही मिळून सव्वा. दीडच्या पुढे मी जात नाही, तुम्हीही जाऊ नका. बिंदूंना जोडणारी वक्र रेषा सावकाश उतरली पाहिजे, शेजारच्या दोन बिंदूंमध्ये खड्डा पडला की रेघ परत येते.

हे करताना एकच कसोटी लावा: आभाळ जमिनीपेक्षा गडद होता कामा नये. पावसाळी पहाटे सगळा उजेड आभाळातूनच येत असतो. जमीन त्याहून उजळ झाली की बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण फोटो खोटा वाटतो.

लाइटरूमवाल्यांनी हायलाइट्स आणि शॅडोज दोन्ही टोकांना नेण्याऐवजी सिलेक्ट स्काय मास्क घ्यावा, त्याचं एक्स्पोजर पाऊण स्टॉप उतरवावं आणि कड तपासावी. काम तेच होतं.

डीहेझ

पावसाळी फोटोला शून्य. धुक्याचे थेंब सगळ्या रंगांचा उजेड सारखाच विखुरतात, म्हणून ते पांढरं दिसतं, आणि लांबचा डोंगर फिका होत गेला की डोळ्याला अंतर कळतं. डीहेझ नेमकं तेच काढतं आणि दरी कड्याला येऊन चिकटते. एप्रिल-मेमध्ये मांडूवरून निमाडकडे बघताना जी तपकिरी धूळ असते तिच्यासाठी ते वापरा, तेही फक्त लांबच्या पट्ट्यावर मास्क लावून, डार्कटेबलच्या हेझ रिमूव्हलमध्ये ०.१च्या पुढे नाही.

हिरवा रंग

सॅच्युरेशन वाढवू नका. श्रावणातला हिरवा आधीच भडक नोंदला जातो, मी तो उलट थोडा उतरवतो आणि पिवळ्याकडून किंचित निळ्याकडे नेतो. सोयाबीनची शेतं चौकटीत असतील तर त्यांना वेगळं ठेवा. भाद्रपदात ती पिवळी पडायला लागतात, तो पिवळा खरा असतो.

बाहेर काढताना

जेपेग, क्वालिटी ९०, रंगांसाठी एसआरजीबी प्रोफाइल. प्रिंट मॅट कागदावर घ्या, चमकत्या कागदावर धुकं काचेसारखं दिसतं. मोठी प्रिंट काढण्याआधी एक लहान काढून दिवसा खिडकीशी धरून बघा. धुक्याचा सर्वांत उजळ भाग कोऱ्या कागदाइतका पांढरा झाला असेल तर परत जाऊन एक्स्पोजर थोडं उतरवा, आणि उतरवलंत तर टोन इक्वलायझरचा मास्कही पुन्हा तपासा. घरच्या ग्रुपवर पाठवायचा असेल तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून जोडा. नुसता फोटो म्हणून पाठवलात की तो दाबला जातो आणि धुक्याच्या जागी चौकोनी ठिगळं दिसतात.