ड्रोन नकाशाची अचूकता: खाजनात उंची का चुकते आणि ती कशी धरायची

आरटीके ड्रोन म्हणजे जमिनीवरच्या एका स्थिर रिसीव्हरकडून दुरुस्ती घेत उपग्रहांवरून स्वतःची जागा सेंटिमीटरमध्ये ठरवणारा ड्रोन. त्याचा नकाशा गोव्यात आडवा सहसा चुकत नाही. चुकते ती उंची. सड्यावर १५ सेंटिमीटर इकडेतिकडे झालं तर कुणाच्या लक्षातही येणार नाही, पण खाजनात (खाडीकाठच्या, बांध घालून भरतीपासून राखलेल्या सखल जमिनीत) बांधाचा माथा आणि उधाणाची भरती यांत अंतरच मुळी थोडं असतं. तिथे तेवढी चूक म्हणजे नकाशा वाया.

सुरुवात बेसपासून, म्हणजे त्या स्थिर रिसीव्हरपासून. माडांखाली किंवा पत्र्याच्या छपराशेजारी बेस लावू नका. जवळ उघडा जांभा असेल तर उत्तम, खिळा हलत नाही आणि आभाळ मोकळं मिळतं. उड्डाणाची जागा बेसपासून पाच किलोमीटरच्या आत ठेवा. बेसचे निर्देशांक सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स (सतत चालू असणाऱ्या उपग्रह-मोजणी केंद्रांच्या) जाळ्याशी जोडून घ्या आणि निदान दोन तासांचा स्टॅटिक (एकाच जागी न हलवता घेतलेला) डेटा नोंदवा. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. कॉर्सचे निर्देशांक एका ठरावीक तारखेला बांधलेले असतात, ऑनलाइन पीपीपी सेवा (जवळच्या बेसशिवाय एकाच रिसीव्हरच्या डेटावरून जागा काढणाऱ्या) मात्र बहुधा मोजणीच्या दिवसाचे देतात. एका बेसला हे आणि दुसऱ्याला ते वापरलं, की दहा वर्षांच्या फरकात अर्धा मीटर गेला. अँटेनाची उंची तिरकी मोजली की सरळ, हेही तिथल्या तिथे वहीत लिहा; ऑफिसात बसून ते आठवत नाही.

वेळ सकाळची, साधारण आठ ते अकरा. गोवा चुंबकीय विषुववृत्तापासून फार लांब नाही, त्यामुळे दुपारी आयनोस्फिअरचा (उपग्रहांचे संदेश बिघडवणाऱ्या वातावरणाच्या वरच्या थराचा) त्रास वाढतो आणि सूर्यास्तानंतर, विशेषतः मार्च-एप्रिल व सप्टेंबर-ऑक्टोबरात, फिक्स (सेंटिमीटरपर्यंत पक्की ठरलेली जागा) तुटतो. शिवाय भर दुपारी खाजनाच्या पाण्यावर ऊन चमकतं आणि समुद्राचा वारा सुटतो. ओहोटीची वेळ साधली तर चिखलाचा उघडा पट्टाही मिळतो. दाबोळी आणि मोपा या दोन्ही विमानतळांच्या आसपास काम असेल तर डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर झोन आधी बघा.

जमिनीवर मोजून ठेवायच्या, फोटोत दिसणाऱ्या खुणा ६० सेंटिमीटरच्या चौकोनी, काळ्या-पांढऱ्या, मॅट रंगाच्या. चकचकीत पांढरा रंग लाल जांभ्यावर उन्हात इतका फुलतो की फोटोत मध्यबिंदू सापडत नाही. खाजनातल्या चिखलात खूण ठेवू नका, बांधाच्या दगडावर किंवा मानशीच्या (भरतीचं पाणी अडवणाऱ्या दाराच्या) बांधकामावर ठेवा. रोव्हरची (खुणा मोजायच्या फिरत्या रिसीव्हरची) काठी दोन पायांच्या आधारावर उभी करा. दोन मीटरची काठी एक अंश कलली तर टोक साडेतीन सेंटिमीटर सरकतं, म्हणून काठीच्या लेव्हलचा बुडबुडा महिन्यातून एकदा तपासायचाच. प्रत्येक खूण ३ मिनिटं मोजा, तासाभराने पुन्हा मोजा. उंचीत ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

आता उंचीच्या चुकीचं खरं कारण. सपाट जमिनीवर एकाच उंचीवरून सरळ खाली बघणारे फोटो काढले, की सॉफ्टवेअरला कॅमेऱ्याची फोकल लांबी आणि उड्डाणाची उंची वेगळी ओळखता येत नाही. एकात चूक झाली तर दुसरं ती झाकून टाकतं. अहवालात कॅमेऱ्याच्या जागा सुरेख दिसतात आणि अख्खी जमीन वर किंवा खाली गेलेली असते. कधी मधोमध फुगवटाही येतो. उपाय दोन, आणि दोन्ही करावेत. १०० मीटरवरच्या रेषांना आडव्या रेषा ७५ मीटरवरून घ्या, काही फोटो कॅमेरा २५-३० अंश तिरका करून. आणि आरटीके असला तरी निदान ५ कंट्रोल पॉइंट (मोजून सॉफ्टवेअरच्या हिशेबात घेतलेल्या खुणा) द्या: चार कोपऱ्यांत, एक मध्ये. ‘आरटीके आहे, खुणा कशाला?’ हा युक्तिवाद खाजनात चालत नाही. फोटोंची व्याप्ती पुढे ८० टक्के, बाजूला ७०. नुसत्या पाण्यावर मात्र जुळणारे बिंदू मिळत नाहीत, तिथे दोन्ही काठ एकाच फोटोत येतील अशा रेषा आखा. सत्तरीसारख्या भागात मोबाइल रेंजवर विसंबू नका, पीपीके करा, म्हणजे दुरुस्ती उड्डाणानंतर ऑफिसात लावा.

सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) यूटीएम झोन ४३ उत्तर. पणजीच्या आसपास या प्रोजेक्शनमध्ये एक किलोमीटर सुमारे २० सेंटिमीटरने कमी भरतो. टेपशी जुळत नाही म्हणून नकाशाला दोष देण्याआधी हे तपासा. जीएनएसएसची (उपग्रहांवरून मोजलेली) उंची समुद्रसपाटीपासूनची नसून पृथ्वीच्या गणिती आकाराची, दीर्घवृत्तजावरची असते, गोव्यात किनाऱ्यावर ती चक्क उणे येते. त्या उंचीवरून समुद्रसपाटीपासूनची उंची काढणारं जिऑइड मॉडेल एकच ठरवा, बेस, खुणा आणि ड्रोन या तिघांनाही तेच लावा आणि जवळच्या बेंचमार्कवर (उंची माहीत असलेल्या पक्क्या खुणेवर) पडताळा घ्या. पाण्याची पातळी ठरवायची असेल तर मॉडेलवर न थांबता बेंचमार्कपासून लेव्हलिंग (दुर्बीण आणि पट्टीने उंची मोजणं) करून उंची आणा.

शेवटी चेक पॉइंट. हे हिशेबात न घेतलेले बिंदू, निदान दहा, आणि बांधाच्या माथ्यावर, शेतात, रस्त्यावर असे विखुरलेले. १०० मीटरवरून साधारण २.७ सेंटिमीटरचा पिक्सेल मिळत असेल तर आडवी चूक ३ ते ५ आणि उंचीची ५ ते ८ सेंटिमीटरपर्यंत ठीक. नुसता आरएमएसई (चुकांची वर्गमूळ सरासरी) बघू नका, चुकांचं चिन्हही बघा. सगळ्या एकाच दिशेला असतील तर फोकल लांबी, जिऑइड किंवा अँटेनाची उंची, या तिघांपैकी एक चुकलं आहे. रस्त्यावर बरोबर आणि शेतात वर येत असेल, तर ते बहुधा गवत आहे.