फौजदारी अपिलात सरकारी बाजू मांडताना या चुका टाळा

उच्च न्यायालयात अतिरिक्त सरकारी वकील म्हणून नव्याने रुजू झालेले बरेच जण अपिलाची तयारी सत्र न्यायालयाच्या निकालपत्रापासून करतात. पुढच्या निम्म्या अडचणी तिथूनच सुरू होतात. निकालपत्रात साक्षीचा गोषवारा असतो आणि उलटतपासणीतल्या अडचणीच्या ओळी गोषवाऱ्यातून सहज गळतात. बचाव पक्षाचे वकील नेमक्या त्याच ओळी खंडपीठाला वाचून दाखवतात.

आधी दोषारोप वाचा, मग फिर्याद, प्रत्येक साक्षीदाराची सरतपासणी-उलटतपासणी, पंचनामे, शवविच्छेदन अहवाल, रासायनिक विश्लेषकाचा अहवाल. निकालपत्र सगळ्यात शेवटी. साक्ष मराठीत नोंदवलेली असेल तर मूळ मराठीच वाचा, पेपरबुकातल्या (अपिलासाठी बांधलेल्या कागदपत्रांच्या संचातल्या) इंग्रजी भाषांतरावर विसंबू नका. वाचतानाच तक्ता करा: आरोपीविरुद्धची कोणती परिस्थिती, ती सांगणारा साक्षीदार, निशाणी क्रमांक (पुराव्यातल्या कागदाला न्यायालयाने दिलेला क्रमांक), उलटतपासणीत तिचे काय झाले, आणि ती आरोपीला विचारली गेली का.

तो शेवटचा रकाना बहुतेकांच्या तक्त्यात नसतो. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३ (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे ३५१) खाली न्यायालय आरोपीला पुराव्याबद्दल प्रश्न विचारून जो जबाब घेते, त्यात जी परिस्थिती आरोपीपुढे ठेवलीच नाही, ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. पुण्याच्या शरद बिरदीचंद सारडा खटल्यात उच्च न्यायालयाने कायम केलेली फाशी सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये रद्द केली, त्यात हा मुद्दाही होता. परिस्थितीजन्य पुराव्याची पाच सूत्रे म्हणून तो निकाल सगळे सांगतात, पण ३१३ चा भाग विसरतात. प्रश्न राहून गेल्याचे लक्षात आले तर लपवू नका. शिवाजी साहेबराव बोबडे (१९७३) हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल काढा. त्या परिस्थितीबाबत आरोपीचे स्पष्टीकरण काय, हे अपील न्यायालय त्याच्या वकिलालाही विचारू शकते, असे तिथे म्हटले आहे. आरोपीचे खरेच नुकसान झाले का, यावर युक्तिवाद करता येतो. मात्र सगळा खटला त्या एकाच परिस्थितीवर उभा असेल, तर फार आशा धरू नका.

साक्षीदार फितूर झाला की पोलिसांपुढचा त्याचा जबाब वाचून दाखवण्याचा मोह होतो. तो जबाब पुरावा नव्हे. त्यातला विसंगत भाग साक्षीदाराला पिंजऱ्यात दाखवला गेला असेल आणि तपासी अंमलदाराकडून सिद्ध झाला असेल, तरच त्याला हात लावता येतो. तोही साक्षीदाराला खोडून काढण्यापुरता. घटना त्यातून सिद्ध होत नाही. त्यापेक्षा त्याची न्यायालयातली साक्ष पुन्हा नीट वाचा. फितूर घोषित केल्याने ती सगळी पुसली जात नाही. आरोपीची घटनास्थळी हजेरी, वेळ, जुना वाद, यातले काहीतरी त्याने मान्य केलेले असू शकते. त्याला दुसऱ्या पुराव्याचा आधार मिळाला तर तेवढा भाग चालतो.

निर्दोष सुटकेविरुद्धच्या अपिलात हमखास ऐकू येणारे वाक्य म्हणजे, ‘या पुराव्यावरून दोषसिद्धीही होऊ शकली असती.’ या वाक्यानेच अपील बुडते. दोन मते शक्य असतील तर सुटकेचे मत बदलायचे नाही, हे चंद्रप्पा वि. कर्नाटक राज्य (२००७) मध्ये स्पष्ट आहे. त्यामुळे सत्र न्यायालयाचे मत घेणेच शक्य नव्हते, हे दाखवावे लागते: कोणती साक्ष विचारात घेतली नाही, कोणती चुकीची वाचली, कायद्याचा कोणता नियम मोडला, पान क्रमांकासह. लीव्हच्या, म्हणजे अपील दाखल करण्याची परवानगी मागण्याच्या टप्प्यावर कसोटी इतकी कडक नसते. महाराष्ट्र राज्य वि. सुजय मंगेश पोयरेकर (२००८) प्रमाणे तिथे प्रथमदर्शनी विचार करण्याजोगा मुद्दा दिसला की पुरे. तेव्हाच सगळा युक्तिवाद ओतू नका.

सुटकेविरुद्धच्या या अपिलाची मुदत ९० दिवसांची. विलंब माफीच्या अर्जात ‘प्रशासकीय कारणांमुळे’ असे मोघम लिहिले की अर्ज धोक्यात येतो. निकालपत्राची नक्कल कधी मिळाली, जिल्हा सरकारी वकिलांचे मत कधी आले, विधी व न्याय विभागाने मंजुरी कधी दिली, हे तारखांसह लिहा.

जन्मठेपेसारखी शिक्षा असलेल्या गुन्ह्यात आरोपीकडून शिक्षेला स्थगिती मागितली गेली, तर सरकारी वकिलाला लेखी म्हणणे देण्याची संधी कायद्यानेच दिली आहे. ती वाया घालवू नका. ‘गुन्हा गंभीर आहे’ एवढ्यावर न थांबता दोषसिद्धी कोणत्या पुराव्यावर टिकते, ते चार ओळींत मांडा.

आणि सर्वांत महत्त्वाचे. काहीही करून शिक्षा टिकवणे हे आपले काम आहे, असे धरून चालू नका. एकच वार, तोही अचानक पेटलेल्या भांडणात, आधीचे वैर नाही, अशा खटल्यात खून टिकत नसेल पण सदोष मनुष्यवध टिकत असेल, तर तसे सांगणारा सरकारी वकील राज्याचे नुकसान करत नाही. त्याचा शब्द न्यायालय पुढच्या प्रकरणांतही गांभीर्याने घेते. फक्त हा निर्णय खंडपीठाने प्रश्न विचारल्यावर ऐनवेळी घेऊ नका. सुनावणीच्या आधी मुख्य सरकारी वकिलांना निशाणी क्रमांकांसह लेखी टिपण द्या, सूचना घ्या आणि त्या टिपणाची प्रत तुमच्या फाइलमध्ये लावून ठेवा. सुनावणी लांबली आणि प्रकरण दुसऱ्या सहकाऱ्याकडे गेले, तर राज्याची भूमिका त्याला तिथेच सापडेल.