कोरियन काकगुंग घेऊन मैदानावर जायचंय? आधी हे सगळं बघून घ्या

काकगुंग हे कपाटातून काढलं, दोरी लावली आणि निघालो असं धनुष्य नाहीच, त्यामुळे तयारी आदल्या दिवसापासून धरा. लोक ह्याला बांबूचं धनुष्य म्हणतात पण बांबू फक्त मधला गाभा, आतल्या म्हणजे आपल्याकडच्या बाजूला पाणम्हशीचं शिंग, बाहेरच्या बाजूला बैलाच्या कंडरेचे, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या पट्ट्याचे तंतू, टोकं तुतीच्या लाकडाची, मूठ ओकची, आणि हे सगळं धरून ठेवतो माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला सरस. वरून भूर्जाची साल. आता हा सरस दमट हवेत मऊ पडतो आणि जास्त उष्णतेतही सैल होतो, म्हणजे पुढे जी काही काळजी सांगतोय ती बहुतेक सगळी ह्या एका सरसापायी आहे.

तर पहिलं, धनुष्य कोरडं आहे का. कोरियात मैदानावर नाहीतर घरी ह्यासाठी एक लाकडी पेटी असते, जमह्वाजांग म्हणतात, आत साधारण 30 अंशांच्या आसपास मंद ऊब असते आणि धनुष्य वापरात नसताना तिथेच राहतं. पावसाळ्यात आपण पापड जसे डब्यात जपतो तसंच समजा. पेटीचं तापमान बघा, थर्मामीटरवर विश्वास ठेवा, अंदाजावर नको, कारण ऊब कमी पडली तर धनुष्य मरगळतं आणि फार झाली तर सरस सुकून ठिसूळ होतो. हवामानही आदल्या रात्रीच बघून ठेवा. जूनच्या शेवटापासून जुलैपर्यंत तिकडे जांगमाचा पाऊस असतो, त्या दिवसांत बरेच जण काकगुंगला हात लावत नाहीत, सरळ फायबरग्लासचं नवीन पद्धतीचं धनुष्य वापरतात आणि त्यात कमीपणा काही नाही. नवशिक्याने तर सुरुवात त्याच्यावरच करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

पेटीतून काढल्यावर उजेडात नीट फिरवून बघा. सालीखाली फुगवटा आलाय का, शिंग कुठे बांबूपासून सुटतंय का, टोकाशी चीर आहे का. ह्यातलं एक जरी दिसलं तर त्या दिवशी दोरी चढवायचीच नाही, बनवणाऱ्याकडे न्यायचं.

आता दोरी चढवणं, आणि खरी गंमत इथे आहे. दोरी नसताना काकगुंग उलट्या बाजूला इतकं वळतं की दोन्ही टोकं जवळजवळ एकमेकांना भिडतात, आणि चढवताना ते सगळं उलटं वळवायचं असतं. आधी हीटरवर किंवा निखाऱ्यावर हलकं गरम करायचं, अंतर एवढं ठेवा की त्याच जागी स्वतःचा हात धरून बसता येईल, हाताला चटका बसत असेल तर धनुष्यालाही बसतोय. मग दोन्ही पात्यांना, म्हणजे मुठीच्या वरच्या-खालच्या वाकणाऱ्या भागांना तोजिगे बांधतात, म्हणजे वळणाला आधार देणारे लाकडी तुकडे, आणि गुडघ्याच्या आधाराने हळूहळू वाकवून दोरी खाचेत बसवतात. हे पहिल्यांदा एकट्याने करू नका. मैदानावरच्या साबमना, म्हणजे शिकवणाऱ्यांना, किंवा कुठल्याही जुन्या माणसाला सांगा, कोणी नाही म्हणत नाही. दोरी सरकली तर धनुष्य झटकन उलटतं, कधी मोडतं, आणि तेव्हा तोंड त्याच्या वाटेत नसलेलं बरं.

चढवल्यावर लगेच ओढायचं नाही. टोकाकडून एक डोळा मिटून बघा, दोरी मुठीच्या आणि दोन्ही पात्यांच्या मधोमध दिसली पाहिजे. एका बाजूला कलली असेल तर ते पातं किंचित गरम करून उलट्या बाजूला दाबायचं आणि गार होईपर्यंत थांबायचं. एक पातं जास्त कडक वाटलं तर तेच गरम करून जरा नमवतात, पण खालचं वरच्यापेक्षा थोडंसं कडक असलेलं चालतं, उलट तसंच हवं असतं. हे जमायला वेळ जातो, तासभर गेला तरी वैतागू नका. थोडा वेळ तसंच राहू दिलं की तोजिगे सोडा, आधी थोडं, मग अर्धं, मग पूर्ण असं ओढून बघा. आणि बाण न लावता दोरी सोडायची नाही, कधीच नाही, मस्करीतही नाही, कारण सगळा जोर परत धनुष्यातच जातो.

बाकीचं सामान पटकन. दोरीच्या मधे जिथे बाण बसतो तिथला गुंडाळलेला दोरा झिजलाय का बघा. बाण बांबूचे असतील तर त्यांनाही ओल लागते, तेही पेटीतच ठेवतात, पिसं चपटी झालीत का आणि काडी सरळ आहे का ते बोटांवर फिरवून कळतं. पाच बाण घ्या, एक फेरी पाचचीच असते. अंगठ्यात घालायची कडी, म्हणजे क्काकजी, खिशात टाका, ती विसरलात तर घरी परत, कारण दोरी अंगठ्यानेच ओढायची असते आणि दुसऱ्याची क्काकजी नीट बसत नाही. कमरेला बांधायचा कापडी पट्टा, कुंगदे, तोही घ्या, एरवी त्यातच धनुष्य गुंडाळतात आणि मैदानावर त्यातच बाण खोचतात. स्पर्धा असेल तर पांढरे कपडे, पांढरे बूट.

सोलला असाल तर साजिक-दोंगमधलं ह्वांगहाकजंग हे धनुर्विद्येचं मैदान बघाच, 1899 मध्ये सम्राट कोजोंगने राजवाड्यात सुरू केलेलं, 1922 पासून आत्ताच्या जागी. अंतर मात्र सगळीकडे 145 मीटर. ऑलिम्पिकचं अंतर 70 मीटर हे आठवलं की इथे पहिल्यांदा उभं राहिल्यावर हसूच येतं. टार्गेट 2 मीटर रुंद, 2.67 मीटर उंच, थोडं मागे झुकलेलं, पण एवढ्या लांबून ते फार मोठं वाटत नाही.

रेषेवर गेल्यावर पहिल्या बाणाआधी "ह्वाल पेउम्निदा" म्हणायचं, म्हणजे मी धनुष्य शिकतोय, आणि हे तीस वर्षं नेम लावणारे आजोबासुद्धा म्हणतात. बाकीचे "भरपूर लागू देत" असं काहीतरी उत्तर देतात. त्यानंतर गप्पा बंद, आणि दुसऱ्याचं धनुष्य न विचारता ओढायचं नाही. सगळे आळीपाळीने एकेक बाण सोडतात, त्यामुळे आपली पाळी येईपर्यंत जमीन आणि वारा बघत राहा, झेंडा हलतोय का बघा.

पाय एकदम जुळवून नाही आणि फार फाकवूनही नाही, तोंड जवळपास टार्गेटकडे. छाती सैल, पोटात जोर. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण धनुष्याच्या उजव्या बाजूला बसतो, युरोपियन पद्धत शिकलेले इथे हमखास अडखळतात. हात कपाळाच्या वर नेऊन मग ओढत खाली आणायचे, मुठीतल्या खालच्या तीन बोटांनी पक्कं धरायचं, डावा हात पुढे ढकलत राहायचा आणि उजवा सुटतो तो मागे. चुकला तर वाऱ्याला दोष देऊ नका, तिथले जुने लोक आधी स्वतःची उभं राहण्याची पद्धत तपासतात. पाचही बाण पहिल्यांदा लागले की माणसाला "जपजांग" म्हणायला लागतात आणि मग सगळ्यांना खायला घालायची वेळ येते बहुतेक.

संपल्यावर दोरी लगेच उतरवा, रात्रभर चढवून ठेवली तर पाती थकतात. कोरड्या मऊ फडक्याने घाम आणि ओल पुसा, शिंगाकडची बाजू विसरू नका, आणि सरळ पेटीत. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवणं म्हणजे सरस वितळवायचीच सोय. भारतात आणायचा विचार असेल तर विमानात चेक-इनमध्येच जाईल, आणि मुंबईत किंवा कोकणात जून ते सप्टेंबर पेटी चोवीस तास चालू ठेवायची तयारी नसेल तर फायबरग्लासचंच घ्या.